पडद्यावरचं मधलं नाव

परवा नातीच्या शाळेत मांडवावर नवी ताडपत्री बांधत होते. तिचा उग्र वास आला आणि मी थेट बोरी अरबच्या बाजारातल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत जाऊन बसले.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. माझा थोरला भाऊ प्रल्हाद सिनेमासाठी घर सोडून मुंबईला गेला, तेव्हापासून बाबा त्याच्याशी बोलत नव्हते. त्याने दिग्दर्शित केलेला पहिला सिनेमा गावात आला, तेव्हा मीच हट्टाने बाबांना घेऊन गेले. पडद्यावर नावं येऊ लागली. बाबांना वाचता येत नव्हतं, म्हणून मी हळूच वाचलं, "दिग्दर्शक, प्रल्हाद सखाराम..."

"सखाराम? माह्यं नाव कायले टाकलं त्यानं?"

"तुमचाच पोरगा हाये ना, बाबा!"

बाबा उठून उभे राहिले. मागून लोक ओरडले, "बसा ना जी खाली!"

"माह्या पोरानं बनवलं हाये हे," बाबा म्हणाले. "मले उभ्यानं पाहू द्या."

मी लाजून त्यांच्या धोतराचा सोगा ओढत राहिले.

पुढे दादाने खूप सिनेमे केले. त्याच्या हाताखाली शिकलेल्यांनीही नाव काढलं. मोठमोठ्या सभागृहांत माणसं त्याच्यासाठी उभी राहिलेली मी पाहिली. पण सगळ्यांत आधी उभे राहिले, ते आमचे बाबा.