उतारावरचा ट्रॅक्टर

रत्नपालच्या पायाला भिंगरी आहे, असं त्याची माय भागूबाई तो लहान असल्यापासून म्हणत आलीय. खोटं नाही ते. बसून चहा पिणारा माणूसच नव्हे तो. कप हातात घेऊन अंगणभर हिंडायचं, अर्धा चहा सांडायचा आणि उरलेला गार झाला म्हणून बायकोवर डाफरायचं. पण या उन्हाळ्यात त्यानं कहरच केला. हळदीचं बेणं निवडून सावलीत रचलेलं, लागवड तोंडावर आलेली, वावरात अजून एक सरी धड पडलेली नाही, आणि हा गडी उठून सुटून घरामागच्या टेकाडावर जाऊन बापाच्या ट्रॅक्टरभोवती चकरा मारतोय.

ट्रॅक्टर टेकाडावर काहून, ते आधी सांगतो. मशीन म्हातारी. तिचा सेल्फ कधीच गेलेला. वारंग्याच्या फाट्यावरच्या चाँद पाशा मिस्त्रीनं दर खेपेला जीव लावून बसवावा आणि महिन्याभरात त्यानं मान टाकावी. शेवटी मिस्त्रीच म्हणाला, "जाने दो भाऊ, उतारावर लावत जा." तेव्हापासून तो टेकाडावर. ब्रेक सोडायचा, गडगडत खाली येऊ द्यायचा, मध्येच गिअर टाकायचा, की एक गचका देऊन धडधडायला लागायचा. सपाटीवर बंद पडला की संपलं! म्हणून रत्नपाल वावरात गेला की इंजिन बंदच करत नसे. भाकर खातानाही शेजारी आपली धडधड चालूच.

"घास गिळला का न्हाई ते बी ऐकू येईना या मशीनीपायी," असं पल्लवी, त्याची बायको, ओरडून म्हणायची. ओरडल्याशिवाय इलाजच नव्हता.

आता तुम्ही म्हणाल, एवढा त्रास तर विकून टाक की बाबा. सोपं असतं का ते! हा ट्रॅक्टर जळबाचा. जळबा म्हणजे रत्नपालचा बाप. आधी तो याच ट्रॅक्टरवर दुसऱ्याचा ड्रायव्हर होता. ट्रॅक्टर मालकाचा, रान मालकाचं, उन्हात भाजणारी पाठ तेवढी जळबाची. पुढं मालकानं नवा आणला आणि हा मोडीत काढायला निघाला, तर जळबानं पोटाला चिमटा काढून तोच घरी आणला. बुद्धविहारापाशी अख्खी वस्ती गोळा झाली होती. भागूबाईला मडगार्डवर बसवून त्यानं फाट्यापर्यंत फिरवून आणलं, आणि ती बाई लाजून लाजून अर्धी झाली. तेव्हापासून दर जयंतीला बाबासाहेबांचा फोटो याच ट्रॅक्टरवर. रत्नपाल तेव्हा बापाच्या मांडीवर बसून स्टेअरिंगला हात लावायचा आणि दुसऱ्या दिवशी शाळेत छाती फुगवून सांगायचा.

दीड वर्षापूर्वी जळबा गेला. रत्नपाल तेव्हा वाळूजच्या कंपनीत होता. तो नोकरी सोडून आला आणि म्हणाला, "बाप ट्रॅक्टरवर तीन एकर कसत व्हता, मी बी कसीन." माय तेव्हा काहीतरी बोलणार होती, पण बोलली नाही.

तीन एकर, तेही चिंचोळं, ओढ्याच्या कडेनं वाकडं होत गेलेलं. आणि ट्रॅक्टर मोठ्या रानाचा. एक सरी पाडायची म्हटलं की तोंडाशी वळायला ही एवढी जागा पाहिजे. पहिल्या साली रत्नपालनं वळणासाठी एका बाजूचा धुरा, म्हणजे वावराचा बांध, फोडला. मग पल्लवीचे वांग्या-मिरच्यांचे वाफे गेले. मग पाण्याचा पाइप उखडून पलीकडं टाकला. एवढं करून चाकाखाली माती अशी दबली की त्या पट्ट्यातली हळद करंगळीएवढी निघाली. पल्लवीचं डोकं फिरलं, आणि फिरायलाच पाहिजे होतं.

"अहो, नाकापरीस मोती जड झाला," ती म्हणाली. "वावर ट्रॅक्टरसाठी हाय का ट्रॅक्टर वावरासाठी? कनेरगाव नाक्यावरचा अमरसिंग जुन्या गाड्या घेतो. आज सांजच्याला येऊन राहिला त्यो, मी फोन केलाय. तवर सऱ्या पाडून दाखवा. पडल्या तर मीच त्याला माघारी धाडते. न्हाई पडल्या तर ट्रॅक्टर जाईल आन छोटी मशीन येईल."

"बापाची खूण हाय ती!"

"खुणेनं हळद व्हत न्हाई," असं म्हणून ती बेणं झाकायला निघून गेली.

रत्नपालनं लगेच, त्याच भल्या सकाळी, ब्रेक सोडला. ट्रॅक्टर टेकाडावरून गडगडत आला, गचका दिला, धडधडला. पहिली सरी ओढली ती झकास. पण वावराच्या पार टोकाला, धुऱ्यावर, एक जुनी जांभूळ उभी. गेल्या साली तिच्याकडचं टोक त्यानं पडीकच सोडलं होतं. तिच्यापाशी वळणच घेता येईना. मागं घ्यावा तर आत्ताच पाडलेली सरी चाकाखाली. पुढं घ्यावा तर खोड. पुन्हा मागं, पुन्हा पुढं. घोडं मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं, तशी गत. शेवटी मागचं चाक खोडाला घासलं, सालीचा लचका निघाला, आणि रत्नपालचं डोकं भणाणलं. वाफे गेले, धुरा गेला, आता एका झाडापायी बापाचा ट्रॅक्टर जाऊ द्यायचा? ट्रॅक्टर चालूच ठेवून तो घरी पळाला आणि कुऱ्हाड घेऊन आला.

मागोमाग भागूबाई आली. या जांभळीची जांभळं टोपल्यात घालून ती दर साली फाट्यावर विकायला बसायची. आता ही झाडाला मिठी मारून रडणार, असं रत्नपालला वाटलं. तसलं काही तिनं केलं नाही. ती त्याच्या कानाशी आली आणि धडधडीवरून ओरडली, "तोड. पन आधी झाडाला एक चक्कर मार."

"माय, खेळायची येळ हाय का ही?"

"चक्कर मार म्हनलं ना!"

मारली त्यानं.

"काय दिसलं?"

"खोड. दुसरं काय दिसनार?"

"ओरखडा हाय का कुठं?"

मघाचा लचका होता, पांढरा, ओला. बाकी सगळं खोड साबूत. एक जुना वळ नाही, घासल्याची खूण नाही. रत्नपालनं हात फिरवून पाहिला, खाली बसून पाहिलं. ट्रॅक्टर घरात येऊन किती वर्षं झाली! आपण एका सकाळीत झाडाला धडकतो, आणि बापाच्या हातून एवढ्या वर्षांत एकदाही नाही? बाप चांगला ड्रायव्हर होता हे खरं, पण एवढा?

"मंग बाप वळवत कुठून व्हता?" त्यानं विचारलं.

"ते ग्यानोबाला इचार."

"तू सांग की!"

"मी न्हाई सांगनार. मला बोलू नको म्हनला व्हता तुझा बाप." आणि तिनं त्याच्या हातातली कुऱ्हाड काढून घेतली.

ग्यानोबा म्हणजे ओढ्यापलीकडचा म्हातारा शेतकरी. रान मोठं, सपाट, आणि दावणीला अजून बैलजोडी. रत्नपाल तसाच ट्रॅक्टर दामटत त्याच्या गोठ्यापुढं गेला आणि सीटवरूनच ओरडला, "काका, माझा बाप तीन एकरात ट्रॅक्टर कसा वळवायचा?"

ग्यानोबानं कानाला हात लावला. "आधी बंद कर ते!"

"बंद केला तर सुरू व्हनार न्हाई काका! इथं सपाटी हाय!"

"बंद कर म्हनतो ना!"

केला बंद. आणि एकदम अशी शांतता पडली की रत्नपालला बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा ऐकू आल्या. कडबा चावल्याचा आवाजसुद्धा ऐकू आला.

"वळवतच नव्हता," ग्यानोबा म्हणाला. "त्यानं तुमच्या वावरात कधी ट्रॅक्टर घातलाच न्हाई. तीन एकरात हत्ती नाचवायचा असतो व्हय रे, येड्या? आमची सावड व्हती. माझं सारं रान तो ट्रॅक्टरनं नांगरून द्यायचा, आन माझे बैल तुमच्या वावरात सऱ्या पाडायचे, डवरनी-कोळपनी करायचे. बराबर चाललं व्हतं दोघाचं."

"खोटं! मी बघितलाय न्हाई का बाप, ट्रॅक्टरवर बसून वावरात जाताना?"

"जाताना बघितलाय. काम करताना बघितलाय?"

रत्नपाल आठवून पाहायला लागला.

"दर उन्हाळ्यात तुला मामाच्या गावाला काहून धाडायचा, कळलं का कधी? आन पावसाळ्यात तू शाळेत गेला की बैल न्यायचा, शाळा सुटायच्या आत आनून बांधायचा. मी म्हनायचो, जळबा, चोरी करतो का काय? तर म्हनायचा, 'पोरगं शाळेत सांगत फिरतं, माझा बाप बैलामागं चालत न्हाई, ट्रॅक्टरवर बसतो. त्याचा बोल खोटा पडू द्यायचा न्हाई मला.'"

रत्नपालला ते वाक्य आठवलं. शब्दन् शब्द आठवला. मास्तरांसमोर, सगळ्या पोरांसमोर म्हटलं होतं त्यानं. त्याला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं की काय करावं सुचेना. उठून जावं म्हटलं तर ट्रॅक्टर बंद. खाली उतरून तो गोठ्याच्या सावलीला बसला. ग्यानोबानं चहा दिला तो त्यानं बसून, शेवटच्या घोटापर्यंत प्यायला. डोळे भरून येत होते ते पुसलेही नाहीत. म्हातारा बैलांना पाणी पाजत राहिला.

ऊन कललं तेव्हा रत्नपाल म्हणाला, "काका, सावड परत करता का? तुमचं रान मी नांगरून देतो."

"म्या कधी मोडली? तूच आला न्हाईस."

"पन हा आता सुरू कसा करायचा?"

ग्यानोबा खो खो हसला. त्यानं दावणीचे बैल सोडले, जुवाला जाड दोर बांधला आणि दोराचं दुसरं टोक ट्रॅक्टरच्या पुढच्या हुकात अडकवलं. "बस वर. तुझा बाप बी ऐटीत यायचा आन हितंच बंद पाडायचा. ह्या बैलांच्या आधीच्या जोडीनं बी वढलाय याला, तुमच्या टेकाडापतुर."

मग काय! पुढं बैल, मागं ट्रॅक्टर, ट्रॅक्टरवर रत्नपाल, आणि बाजूनं कासरा धरून ग्यानोबा. ओढ्याच्या रपट्यावरून, वस्तीच्या मधून, विहारासमोरून ती वरात निघाली. पोरं मागं लागली. बाया दारात येऊन तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. अंगणातून पल्लवीनं पाहिलं आणि तिच्या हातातलं सूपच खाली पडलं.

"अहो, हे काय करून राहिले?"

"सऱ्या पाडायला बैल आनले," रत्नपाल वरूनच म्हणाला.

"आन अमरसिंगला काय सांगू? निघाला त्यो!"

"सांग, मशीन कामाला लागली. ग्यानोबा काकाच्या रानात."

पल्लवीनं एकदा बैलांकडं पाहिलं, एकदा नवऱ्याकडं. मग हसू दाबत फोन शोधायला आत गेली.

टेकाडावर चढवून ग्यानोबानं दोर सोडला. "हं, सोड ब्रेक. कर सुरू."

रत्नपालनं चाकाखाली दगड लावला. "राहू द्या काका. याचं काम उद्या, तुमच्याकडं. कासरा द्या इकडं."

भागूबाई जात्यापाशी बसली होती, ती उठून दारात आली. वस्तीतल्या सगळ्यांच्या देखत, अजून लख्ख ऊन असताना, तिचं पोरगं बैलामागं चालत वावराकडं निघालं होतं. बापाचीच चाल. तिनं पदर डोळ्याला लावला आणि शेजारणीला मोठ्यानं सांगितलं, "माझा रतन हाय त्यो."