किल्ला वर, सासूबाई आत

पुण्याला कॉलेजात असताना मी मन लावून फ्रेंच शिकले होते. मग लग्न झालं, सिंगापूरला आले, नोकरी आणि बिशानचा फ्लॅट सुरू झाला, आणि त्या फ्रेंचला कोणी विचारेना. त्यामुळे जूनच्या सुट्टीत फ्रान्सला जायचं ठरलं तेव्हा मी एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, कानात इअरफोन घालून जुने धडे पुन्हा गिरवायला लागले. शेजारचे लोक माझ्या हलणाऱ्या ओठांकडे बघून जरा सरकून उभे राहायचे.

सासूबाई तेव्हा आमच्याकडे राहायला आल्या होत्या, म्हणून त्याही बरोबर आल्या. नवऱ्याने सगळी सहल ऑफिसच्या प्रोजेक्टसारखी आखली होती. पॅरिसहून ट्रेनने ल्वार नदीकाठच्या एका जुन्या गावी जायचं, तिथला किल्ला बघायचा आणि संध्याकाळी परत.

गावात उतरल्याबरोबर मी बेकरीत शिरले आणि पाठ केलेलं वाक्य अगदी नीट म्हटलं. तिथल्या बाईंनी इंग्रजीत उत्तर दिलं. कॅफेतही तेच. मी फ्रेंच सोडेना, वेटर इंग्रजी सोडेना. शेवटी कॉफीऐवजी चहा आला.

"मम्मा, जस्ट स्पीक इंग्लिश लाह," आमची तेरा वर्षांची मुलगी सिंगापुरी हेल काढत म्हणाली. "एव्हरीवन इज लुकिंग."

"जाऊ दे ना," नवरा घड्याळ बघत म्हणाला. "तिकिटांची वेळ ठरलेली आहे, चला."

नदीच्या कडेने किल्ल्याकडे निघालो. उंच दगडी तट, त्यावर बुरूज, खाली रुंद, संथ पाणी. बघायला कोणी थांबू देईल तर ना! एवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "मला आधी जाऊन यायचंय." तटाखालीच एक स्वयंचलित शौचालय होतं. त्या आत गेल्या, दार सरकून बंद झालं, आणि ते पुन्हा उघडेचना.

"अगं, दार उघडत नाहीये!"

"आई, बटण दाबा!"

"कुठलं? सगळं फ्रेंचमध्ये लिहिलंय!"

मी शब्द सांगत गेले, त्या दाबत गेल्या. मग आतून पाण्याचा जोरात आवाज आला आणि त्याहून जोरात सासूबाईंचा. खोली स्वतःला धुवायला लागली होती. नवरा बाहेरची सगळी बटणं पुन्हा पुन्हा दाबत होता, जणू घरचा वायफायच बंद पडलाय.

दारावर एक फोन नंबर होता. मी तो लावला. पलीकडच्या बाई भराभर बोलत होत्या. मी पुस्तकी वळणाने सुरुवात केली, की कृपया, माझ्या पतीच्या मातोश्री... त्यांनी मला थांबवलं. माणूस जेवायला गेलाय, म्हणाल्या, जेवण झालं की पाठवते.

मग माझा तोल सुटला. पुल्लिंग, स्त्रीलिंग, क्रियापदं, सगळं खड्ड्यात गेलं. त्या बाईंना मी आदरार्थी 'तुम्ही' सोडून सरळ 'तू' म्हणायला लागले. म्हातारी बाई आत कोंडलीये, पायाशी पाणी आहे आणि तू मला जेवण सांगतेस? आधी त्याला उठव! त्या बाई चिडल्या, मीही चिडले. बराच वेळ आम्ही कडाकडा भांडलो, आणि त्या एकदाही इंग्रजीवर गेल्या नाहीत.

थोड्या वेळाने एक माणूस स्कूटरवरून आला, तोंडातला घास चावतच. त्याने किल्ली फिरवली. सासूबाई सलवार गुडघ्यापर्यंत वर धरून बाहेर आल्या आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "इतका वेळ लागतो?"

मी काही बोलणार, तोच नवरा म्हणाला, "पटकन चाललो तर अजून आत सोडतील."

"तुम्ही दोघं जा," मी म्हटलं. "आत्ताच्या आत्ता जा."

ते गेले. सासूबाईंनी मोजे पिळून नदीकाठच्या कठड्यावर वाळत टाकले आणि माझ्याजवळ बाकावर बसल्या.

"फोनवर काय बोलत होतीस?"

"भांडत होते."

"आत ऐकू येत होतं. अडखळली नाहीस कुठे." मग त्या म्हणाल्या, "घरात कधी बोलली नाहीस ती भाषा."

"कोणाशी बोलू, आई?"

त्या ओले पाय उन्हात पुढे करून बसल्या. मला रडू आलं. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. त्यांनी ते पाहिलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हातही ओलाच होता.

नवरा आणि मुलगी परत आले. "तसं आत फार काही नव्हतं," नवरा म्हणाला.

परवा सिंगापुरात, सेरंगूनच्या मित्राकडे जेवताना नवरा सगळ्यांना सांगत होता, की आमची सहल अगदी ठरल्याप्रमाणे पार पडली. पुढच्या सुट्टीत जपानला जायचं म्हणतोय. मी म्हटलं, तुम्ही तिघं जा.