चढायचं जिन्याने, उतरायचं लिफ्टने

इमारतीतली पोरं तिला ‘शी आत्या’ म्हणत, आणि तेही तोंडावर. तिला राग येत नसे. दिवसभरात ती जेवढं बोले त्यात ‘शी’चा वाटा मोठा होता, हे नाकारणार तरी कशी? धंदा कवळ्या करण्याचा. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या जबड्यांचे साचे यायचे. त्यांत प्लास्टर ओतायचं, मेण लावायचं, दात बसवायचे. साच्यात कुणाच्या ना कुणाच्या दुपारच्या जेवणाचा कण अडकलेला असेच. “डॉक्टरकडे जाताना भांग पाडतील, पण चूळ भरणार नाहीत!” असं पुटपुटत ती तो चिमट्याने काढी आणि कोपरापर्यंत हात धुई. काम मात्र असं चोख, की तिची कवळी लावून माणसाने खुशाल अक्रोड फोडावा.

सातव्या मजल्यावर राहूनही लिफ्टला तिने कधी हात लावला नाही. त्या चिकट बटणांवर कुणाकुणाची बोटं पडतात याचा विचार करूनच तिला मळमळे. दूध आणायला, भाजी आणायला, कामाला, सगळीकडे जिन्यानेच.

समोरच्या घरात धाकटा भाऊ राहायचा. विमा कंपनीत साहेब. घरातही साहेबच. या वर्षी त्याने जाहीर केलं की तो आणि त्याची बायको बर्फाच्या डोंगरातली एक उंच वाट चालणार. पाच दिवसांची चाल, मध्ये एक खिंड, आणि खिंडीपलीकडे साखळ्या धरून उतरायचा कडा. जाहीर त्याने केलं, पण वेड बायकोचं होतं. लग्नाआधी ती त्या खिंडीच्या पायथ्यापर्यंत जाऊन खराब हवेमुळे परत आली होती. मग मुलं झाली, मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, आणि बघता बघता पन्नाशी आली. आता नाही तर कधीच नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्यात खिंडीत एकट्या माणसाला सोडत नाहीत, जोडीदार लागतोच. म्हणजे बाईचं सगळं स्वप्न नवऱ्याच्या दोन पायांवर उभं!

आणि नवऱ्याने तयारी काय केली? दुकानं पालथी घातली. काठ्या आल्या, गॉगल आले, आरशासमोर टोपी घालून झाली. सराव म्हणून पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून तो सात मजले चढे, धापा टाकत लिफ्टमध्ये शिरे आणि खाली येऊन पुन्हा चढे.

“अरे, उतरताना पण जिन्यानेच ये की.”

“ताई, उतरताना गुडघे झिजतात. ते खिंडीसाठी राखून ठेवायचे. शास्त्र आहे त्यामागे.”

“शास्त्र कसलं, आळस आहे. आणि तो घाम पूस आधी. शी! जिन्यावर ठिपके पडलेत.”

बायकोनेही आठवडाभर त्याचं ऐकलं. मग एकदा नणंदेशी बोलता बोलता ती जिन्याने खाली उतरली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या मांड्या इतक्या भरून आल्या की खुर्चीतून उठवेना. “वन्सं, खरं दुखणं उतरण्यात आहे,” ती म्हणाली, आणि त्या दिवसापासून पाठीवर ओझं घेऊन नणंदेबरोबर रोज चढू-उतरू लागली. नवऱ्याला सांगून पाहिलं. तो हसला.

निघायला महिनाभर राहिला तेव्हा गावाबाहेरच्या मोठ्या टेकडीवर पूर्ण ओझ्यानिशी चालून पाहायचं ठरलं. भावजयीने गळ घातली म्हणून शी आत्याही पिशवी घेऊन निघाली. चढताना साहेब सगळ्यांच्या पुढे. वर पोचून कमरेवर हात ठेवून उभे, जणू टेकडी यांनीच रचली. उतरणीला लागले आणि अर्ध्यातच त्यांच्या मांड्या थरथरायला लागल्या. आधी काठ्यांवर रेलले, मग झाडं धरली आणि शेवटी चक्क बसून घसरत आले. विजारीचा मागचा भाग फाटला. वर बोलणं काय, तर “बूट फालतू निघाले!”

घरी येऊन त्याने स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर पाय टाकले आणि मोजे काढले. वास असा सुटला की शी आत्याने नाकाला पदर लावून आधी खिडकी उघडली आणि मग त्याचे पाय पाहिले. दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. टाचेवरचा फोड फुटून त्याची साल मोज्याबरोबर निघून आलेली. दिवसभर उष्टे जबडे हाताळणारी बाई, पण ते मोजे तिनेही चिमट्यानेच उचलले.

“काही नाही गं, दोन गोळ्या घेईन नि जाईन.”

“गोळ्या पायांना दे, तोंडाला काय देशील? इतकं धादांत खोटं बोलतोस तू! बूट फालतू म्हणे. बूट काय बसून घसरले?”

“तू मध्ये पडू नकोस. आमच्या दोघांचं आहे हे.”

“दोघांचं आहे म्हणूनच पडतेय. साखळी धरून उतरताना तू वर आणि ही तुझ्या खाली. तू सुटलास तर कुणावर पडशील?”

ओट्याशी उभी असलेली भावजय वळली नाही. पाठमोरीच म्हणाली, “पुढच्या वर्षी जाऊ.” आणि नळ मोठा सोडला.

ते ‘पुढच्या वर्षी’ ऐकून शी आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला. गेली पंचवीस वर्षं या घरात बाईचं सगळं पुढच्या वर्षीच होत आलं होतं. तिने भावाला सरळ विचारलं, “नोंदणीतलं तुझं नाव बदलता येतं का?” त्याने होकाराची मान हलवली आणि काळ्या अंगठ्यांकडे पाहत बसला. मग हळूच म्हणाला, “बदल. माझ्याच्याने नाही होणार ते.” महिन्यात त्याच्या तोंडून निघालेलं ते पहिलं खरं वाक्य.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे जाऊन तिने छाती आणि रक्तदाब तपासून घेतला. जिन्याच्या कृपेने सगळं ठणठणीत निघालं. मग भावजयीला शेजारी बसवून वाटेच्या नोंदणी कार्यालयाला फोन लावला. कारकून भावाच्या जागी तिचं नाव लिहून घेऊ लागला तेवढ्यात तिने थांबवलं.

“एक विचारते. मुक्कामाच्या झोपड्यांत किती माणसं एका खोलीत?”

“येतील तेवढी, बाई.”

“आणि पांघरुणं? ती धुता कधी?”

“हंगाम संपला की.”

तिने डोळे मिटून घेतले. भावजय श्वास रोखून तिच्याकडे पाहत होती.

“शी!” ती फोनमध्येच म्हणाली. “घ्या लिहून नाव.”