बाबांनी दुरुस्त केलेली गिटार

पिक्चरमध्ये गिटार पहिल्याच दणक्यात मोडते. आमच्या टीमने सहलीऐवजी मल्टिप्लेक्सची तिकिटं काढली होती आणि पडद्यावर एक रॉक गायक स्वतःची राखरांगोळी करत होता. बाटल्या झाल्या, मारामाऱ्या झाल्या, मध्यंतराच्या तोंडावर त्याने गिटार उचलून आपटली आणि तिचे दोन तुकडे झाले. शेजारच्या खुर्चीतल्या पोराने शिट्टी मारली. मी मोठ्याने हसले, पण ते हसणं रागाचं होतं. मध्यंतरात उठले, स्कूटर काढली आणि घरी आले. दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणीतरी विचारलं, "पिक्चर आवडला नाही का?" मी म्हटलं, "गिटार कच्ची होती."

माझा थोरला भाऊ कॉलेजांच्या गॅदरिंगमध्ये रॉक गायचा. तो चांगला गायचा हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं ऐकून लोक म्हणतात, असल्याला ऐकायला कोण जायचं? सकाळी मोरीपाशी दात घासून झाले की तो गुणगुणायचा, आणि ते नीट ऐकू यावं म्हणून आई कुकरखालचा गॅस बंद करायची. भात कच्चा राहिला तरी चालेल. माझ्या आयुष्यात त्या आवाजाइतकं सुंदर काही आमच्या वारज्याच्या दोन खोल्यांत आलेलं नाही.

पण त्याला बोलावणारे आवाजासाठी बोलवायचे नाहीत. एकदा कुठल्याशा स्टेजवर माईक चालेना म्हणून चिडून त्याने तो कपाळावर आपटून घेतला. रक्त आलं आणि पोरं खुळी झाली. मग तेच सुरू झालं. कधी डोक्यावर ट्यूबलाइट फोडायचा, कधी स्टेजवर आपटून गिटार. नगर रोडला तेव्हा माळरानांवर कॉलेजं उगवत होती, गॅदरिंगांना मोबाइल कंपन्यांचे बॅनर लागत होते, आणि फोनवर आयोजक पोरं सरळ विचारायची, "भाई, फोडणार ना?" दादा म्हणायचा, फोडणार. घरी यायचा तेव्हा शर्ट पाठीला चिकटलेला असायचा. आई कोमट पाण्याने तो सुटा करायची आणि मी चिमट्याने काचा काढायचे. त्याच्या अंगाला दारूचा वास यायचा. एकदा काच काढताना जरा जोरात ओढली तर त्याने वळून माझ्या थोबाडीत दिली. मीही दिली. आमच्या घरात कुणी गांधीजी नव्हते.

बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात लेथवर टर्नर होते. परदेशी मशीनं आली आणि हातांनी काम करणाऱ्यांना स्वेच्छेने घरी बसवण्यात आलं. ही स्वेच्छा कुणाची होती ते कुणी विचारलं नाही. बाबा घरी बसले, आणि एका संध्याकाळी जेवताना दादाला म्हणाले, "स्वतःचं डोकं फोडून घ्यायला अक्कल लागत नाही." दादा म्हणाला, "मला निदान लोक बोलावतात तरी." बाबांनी ताटावरून उठून त्याच्या कानाखाली मारली. दादाने त्यांची गचांडी धरली आणि त्यांना कपाटावर फेकलं. आरसा फुटला. त्या दिवशी मी चिमट्याने बाबांच्या खांद्यातल्या काचा काढल्या.

तेव्हापासून दोघे एकमेकांशी बोलेनासे झाले. बोलायचं ते माझ्यामार्फत. बाबा म्हणायचे, "त्याला सांग, दाराला कडी लाव म्हणावं." दादा दारातच उभा असायचा. मी तरीही सांगायचे, कारण न सांगितलं तर कडी लागत नसे.

मग एकदा दादाने मोडलेल्या गिटारीचे तुकडे आणून गॅलरीत टाकले. दुसऱ्या दिवशी बाबांनी ते उचलले. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. आधी त्यांनी जुन्या चादरीवर तुकडे जुळवून पाहिले, मग दोन ट्यूबा एकत्र करून लावायचा गोंद आणला, क्लॅम्प आवळले आणि दिवसभर गिटारीजवळ बसून राहिले. दादाने ती उचलली, तिच्या लांब मानेवरून हात फिरवला आणि घेऊन गेला. पुढच्या कार्यक्रमात मोडून आणली. बाबांनी पुन्हा जोडली. मी तेव्हा हिंजवडीत नुकतीच सॉफ्टवेअर टेस्टर म्हणून लागले होते. दुसऱ्याने केलेलं मोडून दाखवायचा मला पगार मिळायचा, दादा तेच जवळजवळ फुकट करायचा. आणि बाबा, ज्यांना कुणी काम देत नव्हतं, ते पोराने मोडलेलं जोडण्यात दिवस घालवायचे. खरं सांगते, त्या दिवसांत ते आनंदात होते.

पण कारागीर माणूस किती दिवस तेच ते जोडणार? दर वेळी गिटार मानेतच मोडायची. बाबा शिवणे गावातल्या एका वर्कशॉपात गेले आणि जीपच्या जुन्या पाट्यातली पट्टी घेऊन आले. गाडीचा पाटा म्हणजे स्प्रिंगचं पोलाद. खड्ड्यात दबतं, पण मोडत नाही. ती त्यांनी तापवून मऊ केली, कापली, भोकं पाडली, परत लालबुंद तापवून तेलात बुडवली आणि मंद आचेवर शेकली. पोलादाला पाणी देणं म्हणतात ते हेच. गिटारीच्या मानेला मागून खाच घेऊन पट्टी आत बसवली आणि वरून पॉलिश केलं. बाहेरून काही कळत नव्हतं.

वाघोलीच्या एका कॉलेजात कार्यक्रम होता, त्या दिवशी दादा निघताना बुटाची लेस बांधत होता. बाबा मला म्हणाले, "त्याला सांग, आता मोडून दाखव म्हणावं."

दादा माझ्याकडे बघत म्हणाला, "ऐकलं म्हणावं."

आईने मला त्याच्याबरोबर पाठवलं. पिशवीत कापूस, पट्ट्या आणि एक धुतलेला शर्ट होता. ऊन उतरल्यावर कार्यक्रम सुरू झाला. दादा त्या दिवशी गायला तसा मी त्याला कधीच ऐकला नव्हता. मला वाटलं, आज हा काही फोडणार नाही, आज याची गरजच नाही. पण पोरं "फोड, फोड" ओरडायला लागली आणि त्याने गिटार गळ्यातून काढली.

मान दोन्ही हातांत धरून त्याने गिटार स्टेजच्या लोखंडी पाइपवर आपटली. गिटार मोडली नाही. पोरं हसली. दुसऱ्यांदा आपटली, पुन्हा काही नाही. त्याचा चेहरा मला दिसत होता. समोरची पोरं तो विसरूनच गेला होता. तिथे फक्त तो आणि बाबा होते. मग सगळी ताकद लावून त्याने घाव घातला. पट्टी दबली आणि उसळली, गिटार उलटी आली आणि मानेचं टोक त्याच्या जबड्याखाली गळ्यात बसलं. आवाज मला माईकमधून ऐकू आला, ओली फांदी मोडावी तसा. तो गुडघ्यांवर आला. तोंडातून रक्त आणि दात पडले. ओरडायला त्याने तोंड उघडलं, पण आवाजच आला नाही.

आणि पोरं टाळ्या वाजवत होती. वन्स मोअर म्हणत होती. मी स्टेजवर चढताना मिळेल त्याला लाथा घातल्या.

दवाखान्यात बाबा आले तेव्हा गिटार माझ्याच मांडीवर होती. का आणली होती कोण जाणे. दादाचं काही विचारण्याआधी त्यांनी सवयीने तिच्या मानेवरून अंगठा फिरवला, तडा गेलाय का बघायला. तडा नव्हता. तेव्हा त्यांना कळलं, घाव उलटून कुठे गेला ते. हात त्यांनी चटका बसल्यासारखा मागे घेतला आणि तो कुठे ठेवावा ते त्यांना सुचेना. डॉक्टर म्हणाले, जबडा जुळेल. स्वरयंत्राला मार आहे. बोलेल, पण गाणं विसरा.

दादा घरी आला तो जबडा तारेने बांधलेला. तोंड उघडता येत नव्हतं, नळीने पेज घ्यायचा. बाबा त्याच्यासमोर येत नव्हते. एका दुपारी गॅलरीतून कर्र आवाज यायला लागला. बाबा मांडी घालून बसले होते आणि लोखंड कापायच्या हॅक्सॉने गिटारीची मान कापत होते. लाकूड केव्हाच कापलं गेलं होतं, पोलाद कापलं जात नव्हतं. त्या पोलादावर हॅक्सॉ चालत नाही हे बाबांएवढं कुणाला माहीत असणार? पाणी त्यांनीच दिलं होतं. ब्लेडचे दात गेले, त्यांनी दुसरं लावलं. गिटार सारखी सरकत होती. त्यांच्या बोटांतून रक्त येत होतं आणि ते रडत होते.

मी दारात उभी होते. दादा माझ्या बाजूने पुढे गेला, त्यांच्यासमोर बसला, गिटारीवर गुडघा ठेवला आणि दोन्ही हातांनी तिची मान धरली.

बाबांनी वर पाहिलं. मला वाटलं, आता मला म्हणतील, त्याला सांग.

"घट्ट धर," बाबा त्याला म्हणाले.

दादाने डोक्यानेच हो म्हटलं आणि पकड आवळली. पोलादावर जेमतेम एक ओरखडा उठला होता. ऊन जाईपर्यंत दोघे तिथेच घासत बसले.