रिकामी डबी

सुरतेच्या डिंडोलीत उषाबाईच्या मलमाला वेगळे नाव नव्हते. 'उषाबाईचा मलम' म्हटले की पुरे. तिळाचे तेल, मेण आणि राळ मंद आचेवर एकजीव करायची आणि कोमट असतानाच स्टीलच्या चपट्या डबीत ओतायची. दिवसभर उभे राहून भेगाळलेल्या टाचा या मलमाने आठ दिवसांत माणसात येतात, असे बायका सांगत.

उषाबाई मूळची खानदेशातली, पारोळ्याकडची. लग्न होऊन सुरतेत आली, तेव्हा नवरा निंबा कापडाच्या लूमवर लागला आणि ती शहराबाहेरच्या सचिन भागातल्या एका कारखान्यात, क्रीमच्या बरण्यांना झाकणे बसवायला. अकरा वर्षे तिने सोनेरी झाकणे बसवली. बरणी दिसायला चांगली मूठभर, पण प्लास्टिकची भिंत दुहेरी आणि आत क्रीम जेमतेम बोटभर. "एवढ्या मोठ्या वाड्यात एवढंच माणूस राहतं का गं?" असे तिने पहिल्याच दिवशी शेजारच्या बाईला विचारले होते. दोघी हसल्या आणि कामाला लागल्या.

मग एका वर्षी खाडीचे पाणी घरात शिरले. पुलाखाली बरण्या, ट्यूबा, शाम्पूच्या पुड्या तुंबून पाण्याची वाट अडली होती. पाणी ओसरल्यावर ओट्याखालचा गाळ उपसताना तिच्या हाताला एक सोनेरी झाकण लागले. पदराने पुसले तर नव्यासारखे लखलखीत.

"माझ्याच हातचं असंल हे," ती निंबाला म्हणाली. "मी लावलं, आन् मलाच परत आलं."

निंबा हसला नाही. त्याने ते झाकण खिडकीत ठेवले. पुढच्या महिन्यात उषाबाईने कारखाना सोडला. झाकण अजून खिडकीतच आहे. निंबा मात्र राहिला नाही.

तो गेल्यावर तिने मलम करून विकायला सुरुवात केली, तेव्हा साठ डब्या आणून प्रत्येकीवर आपले नाव कोरून घेतले. देताना ती बजावून सांगे, "संपला की डबी आणून द्या, पुन्हा भरून देते." प्लास्टिकला या वयात पुन्हा हात लावायचा नाही, हे तिचे ठरलेले होते.

पण नवरात्र संपले तरी आठच डब्या परत आल्या. त्यांतल्या दोन डब्यांत गुळाचे खडे निघाले. पोरांनी घातले असतील, म्हणून तिने ते मुंग्यांना टाकले. दिवाळीआधी मलमाला सगळ्यात जास्त मागणी, आणि भरायला डबीच नाही!

सून नूतनने व्यापाऱ्याकडून प्लास्टिकच्या दोन बरण्या नमुना म्हणून आणल्या. "आई, लोक डब्यांत मिरे-लवंगा भरून बसलेत. तुम्ही बसा वाट पाहत! उद्या याच मागवते."

उषाबाईने बरण्या हातात घेऊन पाहिल्या. त्यांची झाकणेही सोनेरीच होती. "उद्याचा एक दिवस दे मला," ती म्हणाली.

सकाळी तिने चपला घातल्या आणि थेट गल्लीच्या टोकाच्या कलाबाईचे दार गाठले. डबी फळीवर, घासून लख्ख, उपडी ठेवलेली.

"कलाबाई, मलम आवडला नाही का?"

"आवडना ना!" कलाबाईने आपली मऊ झालेली टाच पुढे करून दाखवली.

"मग डबी का दिली नाही? महिना झाला."

कलाबाई ओशाळली. "रिकामी डबी कशी दिऊ माय? माले लाज वाटस. दिवाळीले करंज्या व्हतीन, तवय भरीसन देसू, आसं म्हनं."

उषाबाई उंबऱ्यावर बसली. शेजारणीचे भांडे रिकामे धाडू नये, हे तिला आईने शिकवले होते. पण ही तर विकलेल्या मालाची डबी, तिला कसला आलाय शेजारधर्म, असे ती धरून चालली होती. बायकांनी मात्र तसे धरले नव्हते.

"करंजीची वाट कशाला बघता गं," ती म्हणाली. "चिमूटभर साखर घाला. तेवढ्यानं भरली."

निरोप कलाबाईने गल्लोगल्ली पोचवला. संध्याकाळपर्यंत एकेचाळीस डब्या आल्या. काहींत साखर, काहींत शेंगदाणे, एकीत मेथ्या, एकीत हळकुंड. उषाबाई प्रत्येक डबी कपाळाला लावून रिकामी करत होती. या शहराने आपल्याला लूमची धडधड दिली, खाडीचा गाळ दिला, आणि ही माणसेही दिली, असे तिच्या मनात येत होते.

नूतन दोन्ही बरण्या पिशवीत घालून उठली. "लागत नाहीत म्हणून परत देऊन येते."

"थांब."

"आता काय, आई?"

उषाबाईने साखरेचा डबा पुढे सरकवला. "रिकाम्या नको नेऊस."

नूतनने हसत हसत दोन्ही सोनेरी झाकणे उघडली.