सगळ्या फायली एकत्र वाचणारा माणूस

अमेरिकेतल्या आमच्या अख्ख्या नोव्हाय गावात संशय घेण्यात आमच्या नागपूरच्या सीनियर सरांचा हात धरणारा माणूस नव्हता. गाड्यांच्या चिपसाठी आम्ही दोघं कंपायलर लिहायचो. लिहिलेला प्रोग्रॅम चिपला कळेल अशा भाषेत उतरवणं हे त्याचं काम. त्यातला सरांचा भाग सगळ्या फायली एकत्र वाचायचा, कुठलं फंक्शन कोणाला बोलावतं ते हुडकायचा आणि निरुपयोगी काम काढून टाकायचा. घरीही तेच. गणपतीला प्रत्येक घराने एकेक पदार्थ आणायचा, त्या पॉटलकआधी आठवडाभर ते घरोघरी फोन करत. "एकेकाचं पाहून काय फायदा बे? मागच्या वर्षी सात घरून बटाट्याची भाजी आली!" त्या वर्षी सगळ्यांनी त्यांच्या यादीबरहुकूम केलं, आणि पोळ्या कोणीच आणल्या नाहीत.

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात टेस्ट ट्रॅकवर एका गाडीचा ब्रेक लागला नाही. ड्रायव्हरचे दोन्ही पाय मोडले. सर तीन दिवस कोड वाचत होते. ब्रेकचा एक सिग्नल कुठल्याच फायलीत बदलत नाही असं पाहून त्यांच्या भागाने त्याची तपासणीच काढून टाकली होती. सिग्नल बदलणारी फाईल दुसऱ्या टीमने मागाहून जोडलेली. आमच्या कंपायलरला ती दिसलीच नव्हती.

मॅनेजर म्हणाला, दोष त्या टीमचा, आपण गप्प राहायचं. मीही म्हणालो, "सर, ग्रीन कार्ड होऊ द्या, मग बोला."

"त्या माणसाचे पाय माझ्या कार्डासाठी थांबून राहिले होते का?" एवढंच म्हणून त्यांनी गाडी बनवणाऱ्या कस्टमरला मेल केली: "चूक माझी." खरं तर सरांचा तो कोड तपासून पास केला होता मी. मेलमध्ये माझं नाव नव्हतं.

सरांची नोकरी गेली, तिच्याबरोबर व्हिसाही. घर आवरायच्या धांदलीत ते रोज हॉस्पिटलात जायचे. पहिल्या दिवशी ड्रायव्हरने हाकलून दिलं, तर दुसऱ्या दिवसापासून खोलीबाहेर खुर्ची टाकून बसले. पाचव्या दिवशी त्याच्या बायकोने कॉफी आणून दिली.

एअरपोर्टला मीच सोडलं. रस्ताभर माफीचं वाक्य जुळवत होतो. उतरताना तेच म्हणाले, "कार्ड झाल्याशिवाय तू काही बोलू नको. पोरगी शाळेत आहे तुझी." मग ड्रायव्हरच्या घरचा पत्ता माझ्या हातात दिला.

माझं कार्ड झालं. त्या पत्त्यावरच्या गल्लीच्या तोंडाशी एकदा गाडी थांबवली होती. काठी टेकत एक माणूस दारासमोरचा बर्फ हळूहळू बाजूला सारत होता. त्याने मान वर करून पाहिलं आणि ओळख नसतानाही हात केला. मीही केला, आणि गाडी वळवली.