आधी कुणाची मोटार

राजारामपुरीतल्या आमच्या अपार्टमेंटच्या बोअरची मोटार बंद पडली. ती वर काढायची गाडी ज्याच्याकडे होती, त्याला मी फोन लावला. त्यानं आधी विचारलं, "जनावरं किती हाईत?"

"फ्लॅटात कुठली जनावरं?"

"मग परवा येतो."

तिसऱ्या दिवशी आला. वर येणारा प्रत्येक पाइप तो तळहातानं पुसून अलगद आडवा ठेवायचा. मी तडकलो, "आमचा नंबर आधी होता!"

त्यानं मान वर केली नाही. "राधानगरीकडं एका गोठ्यावर गेलतो. तुमी टँकर तरी मागवलासा की. दाव्याला बांधलेली म्हस कुणाला फोन करणार, पावणं?"

संध्याकाळी नळाला पाणी आलं. मी मोबाइल पाहिला. दोन दिवसांत त्याला मी सतरा फोन केले होते.